पाच मिनिटं आणि कडी लागणारी एक खोली

खान्देशातल्या सरकारी दवाखान्यांचा कारभार ज्यांच्या सहीने चालतो, त्या आरोग्य प्रशासनातल्या सर्व वरिष्ठांना,

सविनय नमस्कार.

30 जुलैला आमच्या दवाखान्यात बॅनर लागलं, मानवी तस्करी विरोधी दिनाचं. सर्व कर्मचाऱ्यांनी बॅनरसह फोटो काढून दुपारी बाराच्या आत ग्रुपवर टाकावा, असा वरून निरोप होता. फोटोत मी दुसऱ्या रांगेत, डावीकडून तिसरी आहे. फोटो झाल्यावर शिपायाने बॅनर गुंडाळलं आणि ओपीडीच्या कोपऱ्यातल्या खोलीत, मोडक्या व्हीलचेअरच्या मागे उभं करून ठेवलं. दुसऱ्या कुठल्याही खोलीत ठेवलं असतं तर कदाचित हे पत्र लिहिलं नसतं.

मी अधिपरिचारिका आहे. तापीच्या पट्ट्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात काम करते. नोकरीला बावीस वर्षं झाली, त्यातली सात सातपुड्याच्या पायथ्याशी गेली. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. मला नोकरी टिकवायची आहे हे एक कारण. दुसरं असं, की नाव लिहिलं तर त्या एका दवाखान्यामागे चौकशी लागेल, चार जणांचे जबाब होतील आणि बाकी सगळीकडे आहे तसंच चालू राहील. रुग्णांची ओळख पटू नये म्हणून त्यांच्या हकिकतीतले बारीकसारीक तपशीलही बदलले आहेत.

तर ती खोली. तिथे पूर्वी आमच्या समुपदेशक ताई बसायच्या. एचआयव्हीचं समुपदेशन असायचं, शिवाय ठरलेल्या दिवशी किशोरवयीन मुलामुलींचं मैत्री क्लिनिक. टेबल, दोन खुर्च्या, घरघरणारा पंखा आणि आतून कडी लागणारं दार, एवढाच तिथला संसार. करोनाच्या आधीची गोष्ट. बाजाराच्या दिवशी महामार्गावरच्या एका ढाब्यावरून तेरा-चौदा वर्षांचा पोरगा आला. कढईतलं तेल उडून हात कोपरापर्यंत भाजलेला, आणि भाजून तीन दिवस झालेले. त्यावर टूथपेस्ट फासलेली. सोबतचा माणूस म्हणाला, "भाचा आहे माझा." भाच्याचं आडनाव काही त्याला सांगता येईना. ताई त्याला म्हणाल्या, "दादा, केसपेपरवर पत्ता अपुरा आहे, खिडकीवरून पूर्ण करून आणा." बाजाराच्या दिवसाची रांग तुम्हाला माहीत असेलच. तो खिडकीवर उभा होता तेवढ्या वेळात पोरगा बोलला. आठ महिने झाले होते. पगार घरी पाठवतो म्हणतात, पण घरी फोन करू देत नाहीत. रात्री झोपायच्या खोलीला बाहेरून कुलूप असतं.

ताईंनी आरडाओरडा केला नाही, त्या माणसाला एका शब्दाने हटकलं नाही. डॉक्टरांना जाऊन सांगितलं. हात खोल भाजला होता हे खरंच होतं, त्यामुळे पोराला दाखल करून घेतलं आणि 1098 या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन केला. बालकल्याण समितीपुढे त्याला हजर केलं. पुढे तो घरी पोचल्याचं ताईंना कळलं, त्या दिवशी त्यांनी आम्हा सगळ्यांना चहा पाजला होता.

नंतर ताई गेल्या आणि त्यांच्या जागी कोणी आलं नाही. खोलीत योजनेच्या कार्डांचा संगणक आला. मग संगणक हॉलमध्ये गेला आणि खोलीत भंगार साठलं. आता तिथे व्हीलचेअर आहे, सलाइनचे रिकामे खोके आहेत आणि तुमचं बॅनर आहे.

आता दुसरी हकिकत. ही सांगताना मला माझी लाज वाटते. पण ती वगळून तुमच्याकडे बोट दाखवण्याचा मला अधिकार नाही.

आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया, होऊन आठ-दहा दिवस झाले होते. ऊसतोडीच्या टोळ्या परतल्या की आमची ओपीडी भरून वाहते, तसे ते दिवस. एका मुलीला रक्तस्राव होत होता म्हणून आणलं. मेडिकलवरून गर्भपाताच्या गोळ्या आणून कोणीतरी दिल्या होत्या आणि गर्भ अर्धवट राहिला होता. हिमोग्लोबिन सहा. आधारच्या झेरॉक्सवर वय वीस, समोर पाहिलं तर सोळाचीही वाटेना. सोबत एक पोक्त बाई होती. ती आत्या, आणि बाहेर बाकावर बसलेला चाळिशीकडे झुकलेला माणूस नवरा. झेरॉक्स, मोबाइल, पैसे, सगळं त्या बाईच्या कॅरीबॅगमध्ये. नाव विचारलं की बाई उत्तर द्यायची. पाळी कधी आली होती, विचारलं की बाई. दुखतं का, तेही बाईच सांगायची.

मी शीर शोधत होते. सुई टोचताना पेशंटचं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून आम्ही काहीबाही बोलतो. मी तिला आपल्या अहिराणीत विचारलं, "काय वं माय, आखाजीले माहेर गयी व्हती का?" खान्देशातल्या सासुरवाशिणीला या दिवसांत कोणीही हेच विचारेल. तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. आखाजी हा शब्दच तिच्या ओळखीचा नव्हता. आत्या घाईघाईने म्हणाली, "हां, गेली होती ना."

दंडावर चार डाग होते, बोटांच्या अंतराचे. दोन पिवळे पडलेले, दोन ताजे निळे. आत्या म्हणाली, मोरीत घसरून पडली. मी केसपेपरवर लिहिलं : 'नातेवाईकांच्या सांगण्यानुसार पडून मार.' अक्षर माझंच आहे. तो केसपेपर आजही कुठल्यातरी गठ्ठ्यात असेल.

मग आत्या तंबाखू थुंकायला दारापर्यंत गेली. मुलगी हळूच हिंदीत म्हणाली, "दीदी, ये कौन सा गाँव है?"

मी गावाचं नाव सांगितलं. सलाइनचे थेंब मोजले आणि पुढच्या कॉटकडे गेले. वॉर्डात अठ्ठावीस पेशंट होते, आम्ही दोघी होतो, आणि प्रश्न मला एवढासाच वाटला. घरी जाऊन भाकरी थापताना तो डोक्यात शिरला. लग्न होऊन महिने झालेल्या बाईला, आपण कुठल्या गावाजवळ राहतो हेच ठाऊक नाही? दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर गेले तर कॉट रिकामी. रात्रीच डामा, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध सुट्टी, घेऊन गेले होते. 'स्वतःच्या जबाबदारीवर रुग्णास नेत आहोत' याखाली सही नवऱ्याची. तिचा अंगठासुद्धा नाही.

दोन-अडीच महिन्यांनी त्या गावच्या आशाताई लसीकरणाच्या कामाने भेटल्या, तेव्हा मी विचारलं. "ती? ती ते गयी ना ताई. पयी गयी म्हंतस घरना लोके." पळून गेली, की जिने आणली होती तिनेच दुसरीकडे नेली, हे आशाताईंना माहीत नाही. मलाही नाही. जिला गावाचं नाव माहीत नव्हतं ती पळून कुठे आणि कशी जाईल, हा प्रश्न मात्र माझ्याकडे राहिला.

साहेब, मॅडम, त्यानंतर मी वाचायला लागले. नर्सिंगच्या तीन वर्षांत यातलं एक पानही आम्हाला शिकवलं नव्हतं. तस्करी म्हणजे मुंबई-पुण्याच्या कोठ्यांवर विकलेल्या मुली, एवढीच माझीही समजूत होती. कायद्याचा आवाका त्याहून मोठा आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम 143 पाहा. धमकी, फसवणूक, पळवणं, अधिकाराचा गैरवापर किंवा पैशाचं आमिष, यातलं काहीही वापरून शोषणासाठी माणसाला आणलं, नेलं, लपवून ठेवलं किंवा ताब्यात घेतलं, तर ती तस्करी. शोषण शरीराचं असो, गुलामीचं असो, भीक मागायला लावण्याचं असो की जबरीने अवयव काढण्याचं. पीडिताची संमती होती हा बचाव तिथे चालत नाही. सीमा ओलांडायची गरज नाही, साखळदंडही लागत नाहीत. उचल दिली आहे म्हणून कुटुंबाला जाऊ न देणारा मुकादम 1976 च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यात सापडतो. त्यामुळे मोळी बांधताना लागलेला कोयता आणि सहाव्या दिवशी पू झाल्यावर आलेला मजूर, हीसुद्धा नुसती ड्रेसिंगची केस नसते. सहा दिवस का लागले, हे विचारायला हवं.

आणि खान्देश कुठे आहे ते नकाशावर पाहा. हावडा आणि दिल्लीकडून येणाऱ्या रेल्वेच्या वाटा भुसावळला मिळतात, सुरतेची वाट जळगावहून फुटते. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. मध्य प्रदेश आणि गुजरात हाकेच्या अंतरावर. नंदुरबारच्या डोंगरातली कुटुंबं बारडोलीकडे ऊस तोडायला जातात. इकडे 2011 च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे 842 मुली होत्या. तेव्हाची ती मुलं आता लग्नाच्या वयाला येऊ लागली आहेत. गावोगावी मुली मिळत नाहीत म्हणून एजंट फिरतात, बाहेरून 'लग्न लावून' मुली आणतात आणि इथल्या गरीब घरच्या मुली बाहेर नेतात. हे गावच्या पारावर सगळ्यांना माहीत असतं. दवाखान्यात मात्र आम्ही 'सोबत : आत्या' एवढं लिहून मोकळे होतो.

शेजारच्या जिल्ह्यातलं इगतपुरी आठवा. 2022 मध्ये तिथल्या कातकरी पाड्यावरची लहान लहान मुलं मेंढपाळांकडे राबायला दिली होती. पाचशे रुपये आणि एक मेंढी, असा सौदा झाल्याचं तेव्हा छापून आलं. त्यातली दहा वर्षांची एक मुलगी दवाखान्यात दगावली, मग सगळं बाहेर आलं. एवढ्या उशिरा ती आमच्यापर्यंत पोचते, आणि तरीही कितीदा तरी पहिला बाहेरचा माणूस आम्हीच असतो. अमेरिकेत 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत देहविक्रयासाठीच्या तस्करीतून सुटलेल्या बायकांना विचारलं होतं. जवळपास 88 टक्के जणी त्या काळात कुठल्या ना कुठल्या डॉक्टर-नर्सच्या समोर येऊन गेल्या होत्या. आपल्याकडे अशी पाहणी केली तर त्यात माझी ती मुलगी असेल, आणि मीही असेन.

आता तक्रारी. कोणा एकाविरुद्ध नाहीत, पण तुमच्याशिवाय त्या दुसऱ्या कोणाकडे नेता येत नाहीत.

पहिली तक्रार एकांताची. आमच्या ओपीडीत तपासणीच्या टेबलाभोवती पेशंटचे तीन नातेवाईक आणि पुढचे दोन नंबर उभे असतात. पडदा आहे, त्याच्या निम्म्या कड्या तुटल्या आहेत. धमकावून आणलेली मुलगी या गर्दीत काय बोलणार? 'खाजगीपणा जपावा' हे वाक्य प्रत्येक मार्गदर्शक सूचनेत असतं. कुठल्या खोलीत जपावा, ते नसतं.

दुसरी भाषेची. धडगाव-अक्कलकुव्याची बाई पावरी किंवा भिली बोलते, रेल्वेतून उतरवलेलं पोर बांगला किंवा उडिया. दुभाषा कोण? सोबत आलेला तोच माणूस. म्हणजे ज्याच्याविषयी विचारायचं त्याच्याच तोंडून उत्तर घ्यायचं. आमच्या ड्यूटीत एक धडगावकडची सिस्टर आहे. ती असली की बायका बोलतात, ती सुट्टीवर गेली की मुक्या होतात.

तिसरी भीतीची, आणि इथे मला थोडं सविस्तर लिहायचं आहे. कर्मचारी दगडाचे आहेत म्हणून गप्प बसतात असं समजू नका. 'एमएलसी (पोलिसांना कळवायची केस) केली की कोर्टाचे हेलपाटे तुलाच,' हे नव्या सिस्टरला पहिल्या आठवड्यात जुनी सिस्टर सांगते. मीही सांगितलं आहे. अठरा वर्षांखालच्या मुलीवर अत्याचार झाल्याचं कळूनही कळवलं नाही, तर पोक्सोच्या कलम 21 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, हे आम्हाला भिंतीवर लावून घाबरवलं जातं. पण त्याच कायद्याच्या कलम 19 मध्ये प्रामाणिकपणे माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होणार नाही असंही लिहिलं आहे. ते भिंतीवर मी कधी पाहिलं नाही.

उलट बाजूही आहे. सातपुड्यात सतराव्या वर्षी गरोदर राहिलेली प्रत्येक मुलगी विकलेली नसते. पावरा-भिल्लांत मुलाकडचे देज, म्हणजे वधूमूल्य, देतात. पैशाची देवाणघेवाण दिसली म्हणून तिला विक्री म्हणणारा माणूस तो समाज ओळखत नाही. सरसकट पोलिसांचा धाक दाखवला तर या मुली बाळंतपणाला यायच्याच बंद होतात आणि मग माता मृत्यूच्या बैठकीत तुम्हीच आम्हाला जाब विचारता. सर्वोच्च न्यायालयानेही सप्टेंबर 2022 मध्ये गर्भपाताच्या निकालात हा पेच ओळखला. संमतीच्या संबंधातून गरोदर राहिलेली अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली आणि तिने व पालकांनी विनंती केली, तर डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिची ओळख उघड करायची गरज नाही, असं सांगितलं. हा बारकावा आमच्यापर्यंत कोणी पोचवला? देज आणि दलाली यातला फरक ओळखायला पाच मिनिटं निवांत बोलावं लागतं. लग्न ठरवणारा माणूस तुमच्या ओळखीचा होता का, माहेरचं कोणी येऊन गेलं का, फोन कोणाकडे असतो, एवढं विचारलं तरी पुष्कळ उलगडतं.

चौथी रात्रीची. समजा मला संशय आला आणि रात्रीचे साडेअकरा वाजले आहेत. मी काय करू? 112 आहे, मुलांसाठी 1098 आहे, बायकांसाठी 181 आहे. हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठीचं सखी वन स्टॉप सेंटर जिल्ह्याच्या गावी. पोलिसांचे अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्ष उभे राहावेत म्हणून निर्भया निधीतून पैसा दिला गेला. पण आमच्या जिल्ह्यातल्या कक्षाचा नंबर नर्सिंग स्टेशनवर कुठेही लिहिलेला नाही, आणि मुलीला सकाळपर्यंत कोणत्या कारणाने ठेवून घ्यायचं, डॉक्टरने काय लिहायचं, सोबतची माणसं चढ्या आवाजात बोलायला लागली तर एकट्या वॉचमनने काय करायचं, याचा एक साधा कागद नाही.

पाचवी छोटीच. डामाच्या कागदावर शुद्धीवर असलेल्या बाईची सही नवऱ्याने केलेली चालते. का चालते?

सहावी खासगी दवाखान्यांविषयी. जिच्याकडून धंदा करवून घेतात तिला सरकारी दवाखान्यात सहसा आणत नाहीत. ओळखीच्या डॉक्टरकडे मागच्या दाराने नेतात, किंवा मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय गोळ्या देतो. वरचेवर गर्भपात, वरचेवर गुप्तरोग, आणि प्रत्येक वेळी पैसे देणारा माणूस वेगळा. हे ज्या डॉक्टरला दिसतं त्याला ते कळत नाही असं मी मानायला तयार नाही.

एक गोष्ट तुम्ही म्हणण्याआधी मीच म्हणते. संशयाने सैरभैर झालेल्या नर्सही नकोत. मे 2023 मध्ये दानापूर-पुणे एक्स्प्रेसमधून भुसावळ आणि मनमाडला बिहारची 59 मुलं उतरवली गेली. सोबतच्या मदरशाच्या पाच शिक्षकांना तस्करीच्या आरोपाखाली अटक झाली, ते सुमारे चार आठवडे तुरुंगात होते, आणि मुलं परक्या गावच्या निवाऱ्यात. पुढे पोलिसांनीच हे गैरसमजातून झाल्याचं सांगितलं आणि 2024 मध्ये प्रकरण बंद केलं. खान्देशातल्या आम्हा लोकांना हे विसरता येत नाही. टोपी, दाढी, भाषा, जात, गरिबी यावरून तस्कर ठरवायचा नसतो. लक्षण म्हणजे पुरावा नव्हे. ताप आला म्हणून आम्ही कोणाला टायफॉइड झाला असं जाहीर करत नाही, रक्त तपासतो. इथे तपासणी म्हणजे पेशंटला एकटं भेटणं.

ते कसं करायचं हेही फार अवघड नाही. मी आता करते ते सांगते. लघवी तपासायची आहे असं सांगून बाईला एकटीला सोबत नेते. आधी पाणी देते. "तू इथे बोललेलं मी बाहेरच्या माणसाला सांगणार नाही" हे पहिलं वाक्य, आणि मूल असेल तर "मला हे आणखी एका-दोघांना सांगावं लागेल" हेही तेव्हाच, आधीच. मग प्रश्न. कागदपत्रं कोणाकडे असतात? मजुरी कोणाच्या हातात पडते? तुला वाटेल तेव्हा तिथून निघता येतं का? घरी शेवटचं कधी बोललीस? 'तुला विकलंय का' असं कधी विचारत नाही. जिच्यावर ते घडलंय ती स्वतःला तसं म्हणत नसते. ती म्हणते, कर्ज फिटायचं आहे. ती जे बोलेल ते तिच्याच शब्दांत लिहिते, माझ्या शब्दांत नाही. जखमा मोजून, रंग आणि जागा लिहून ठेवते. सज्ञान बाई 'नको' म्हणाली तर तिला ओढत पोलिसांकडे नेत नाही. तो नकारही लिहिते, पुढच्या तपासणीची तारीख देते आणि 181 पाठ करायला सांगते. चिठ्ठी देत नाही, चिठ्ठी सापडली तर तिला मार बसेल. आणि कोणाचाही फोटो, नाव, हकिकत ग्रुपवर टाकत नाही. तुमच्याही नाही.

हे सगळं मी संडासाच्या बाहेरच्या बोळात उभी राहून करते, कारण तीच एक जागा आहे जिथे सोबतचा माणूस येत नाही.

आता मागण्या, साध्या भाषेत.

प्रत्येक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात, आणि जमेल त्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, आतून कडी लागणारी एक खोली रिकामी करून द्या. बारा वर्षांवरच्या प्रत्येक पेशंटला पाच मिनिटं एकट्याने भेटायचं, असा नियम करा आणि तो ओपीडीच्या दारावर मोठ्या अक्षरांत लावा. नियम सगळ्यांना असेल तर एखाद्या बाईच्या सोबत्याला वेगळा संशय येणार नाही आणि सिस्टरला भांडावं लागणार नाही. 'वरून नियम आहे' या वाक्याची ताकद तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे.

समुपदेशक आणि समाजसेवा अधीक्षकांच्या रिकाम्या जागा भरा. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 2000 साली 'दिलासा' केंद्र सुरू झालं. दवाखान्याच्या आतच, दवाखान्याच्याच माणसांनी हिंसा सोसणाऱ्या बायकांचं ऐकून घ्यायचं. त्याला पंचवीस वर्षं झाली. खान्देशात निदान तिन्ही जिल्ह्यांच्या मुख्य रुग्णालयांत तसं नीट चालणारं केंद्र हवं.

प्रशिक्षण द्या, पण ड्यूटीच्या वेळेत, अर्धा दिवस, समोरासमोर, खऱ्या केसेसवर. लिंक पाठवू नका. लिंक आम्ही म्यूट करून इंजेक्शनं देतो. आणि ते नुसतं डॉक्टर-सिस्टरांना देऊ नका. केसपेपरच्या खिडकीवरचा माणूस, एक्स-रेवाला, सफाईच्या मावशी, 108 वरचे डॉक्टर आणि चालक, आशा, सगळ्यांना द्या. कोण कोणाला बोलू देत नाही हे मावशींना माझ्या आधी कळतं. पण मावशींना कोणी विचारत नाही.

दुभाष्यांची यादी करा. पावरी, भिली, बांगला, उडिया, तेलुगू जाणणारे कर्मचारी तिन्ही जिल्ह्यांत आहेत. त्यांचे ड्यूटीचे नंबर एका कागदावर आले तरी पुरे.

दुसऱ्या एका कागदावर रात्रीचा मार्ग द्या : आधी कोण, मग कोण, कोणता नंबर, पेशंट कुठे ठेवायचा, काय लिहायचं. त्याखाली पोक्सोचं कलम 19 आणि 21 दोन्ही छापा.

बायकांच्या संडासात दाराच्या आतल्या बाजूने 181, 1098, 112 चे स्टिकर लावा, चित्रासह. याला बजेट लागत नाही. बॅनरच्या पैशांत झालं असतं.

डामाच्या कागदावर शुद्धीवर असलेल्या पेशंटची स्वतःची सही किंवा अंगठा, तोही एकटीला विचारून झाल्यावरच, हे बंधनकारक करा. खासगी डॉक्टरांना आणि मेडिकलवाल्यांना हेच सगळं लागू होतं, हे त्यांच्या बैठकीत जाऊन सांगा. तिथे आमच्यासारख्यांना कोणी बोलावत नाही.

आणि एक गोष्ट तुमच्याही वरच्यांना कळवा. बलात्कार, ॲसिड हल्ला आणि पोक्सोच्या ठरावीक गुन्ह्यांतल्या पीडितांवर सरकारी-खासगी सगळ्या दवाखान्यांनी ताबडतोब मोफत उपचार करायचे आणि पोलिसांना कळवायचं, असं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 397 सांगतं. त्या यादीत न्याय संहितेतली तस्करीची 143 आणि 144 ही कलमं नाहीत. वीटभट्टीवरून सुटलेल्या मजुराने खासगी दवाखान्याचं दार ठोठावलं तर त्याच्याकडे दाखवायला हे कलम नाही. यादीत ती दोन कलमं घाला अशी शिफारस राज्याकडून जाऊ द्या.

हे पत्र छापून आल्यावर ते कोणी लिहिलं याचा शोध घ्यायचा असेल तर अवघड नाही. दुसरी रांग, डावीकडून तिसरी. तेवढा वेळ खर्च करणारच असाल तर त्यातली पाच मिनिटं त्या खोलीसाठी द्या. किल्ली स्टोअरमध्ये खिळ्याला टांगलेली असते. भंगार उचलायचा आदेश तेवढा पाठवा, खोली आम्ही झाडून घेऊ. दाराची कडी गंजली आहे, ती मी माझ्या पैशांनी बसवून घेईन.

आपली,
एक अधिपरिचारिका
तापीकाठचं एक ग्रामीण रुग्णालय, खान्देश